सातासमुद्रापारचा सातबारा: नॉर्वेजियन वसाहतकरी घराण्याचा माग जुन्या वर्तमानपत्रांतून कसा काढावा

माझी सून नॉर्थ डकोटाची. लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला आली तेव्हा तिनं आमचा कुलवृत्तांत हातात घेतला आणि बराच वेळ पानं उलटत बसली. मूळपुरुष, त्याची मुलं, कोण कुठल्या गावी गेलं, सगळं ओळीनं छापलेलं. मग म्हणाली, "आई, आमच्याकडे असं काहीच नाही. खापरपणजोबा नॉर्वेहून आले आणि गहू पिकवायचे, एवढंच सगळ्यांना माहीत आहे."

त्या एका वाक्यापासून मी सुरुवात केली. दोन वर्षं लागली. बहुतेक काम पुण्यातल्या घरी, रात्रीच्या वेळी संगणकावर झालं. फक्त एकदा, मुलाकडे मुक्काम होता तेव्हा, नॉर्थ डकोटाची राजधानी बिस्मार्क इथल्या संग्रहालयात चार दिवस बसले. आज त्या घराण्याची पाच पिढ्यांची गोष्ट लिहून तयार आहे आणि तिचा मोठा भाग गावोगावच्या साप्ताहिकांतून मिळाला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता अमेरिकेतल्या सुना आणि जावई आहेत. मिनेसोटा, डकोटा, विस्कॉन्सिन, आयोवा या भागांतलं सासर असेल तर त्यात नॉर्वेजियन रक्त असण्याची शक्यता मोठी. नातवंडांना दोन्हीकडची मुळं सांगावीत असं वाटणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझे पहिले चार महिने वाया गेले, तुमचे जाऊ नयेत.

थोडी पार्श्वभूमी आधी हवी. नॉर्वेहून अमेरिकेला गेलेला पहिला संघटित गट १८२५ साली स्टाव्हँगर बंदरातून 'रेस्टोरेशन' नावाच्या छोट्या गलबतातून निघाला. निघताना ५२ माणसं होती. वाटेत एक मूल जन्मलं आणि न्यूयॉर्कला ५३ जण उतरले. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियन अमेरिकेत गेले. लेकरं वाढत होती, डोंगराळ देशात नांगरता येईल अशी जमीन थोडी होती, आणि बापाची वाडी बहुधा थोरल्याकडे जायची. अशात १८६२ साली अमेरिकेनं होमस्टेड कायदा केला: डोक्यावर छप्पर बांधा, पाच वर्षं राहा, जमीन कसा, आणि किरकोळ शुल्कात १६० एकर तुमचे. कोकणात दोन-चार गुंठ्यांवरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होताना आपण पाहतो. १६० एकरांचा तो आकडा नॉर्वेतल्या खेड्यात कसा ऐकला गेला असेल, याची कल्पना करा.

आधी हे जवळ ठेवा

कागदपत्रं: घरातलं जुनं बायबल (पहिल्या पानांवर जन्म-मृत्यू लिहिलेले असतात), थडग्यांच्या दगडांचे फोटो, चर्चच्या वर्धापनदिनाची पुस्तिका, अमेरिकेहून नॉर्वेला किंवा उलट गेलेली पत्रं, जमिनीचे जुने कागद, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती.

साधनं: काउंटीचा (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा) जुना नकाशा, डॅनिश-इंग्रजी शब्दकोश (कारण पुढे सांगते), एक जाड वही, आणि संगणकावर वर्षवार फोल्डर. फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळावर खातं उघडून ठेवा. पैसे भरून घ्यायची सदस्यत्वं आत्ता घेऊ नका. कोणत्या गावचं कोणतं वर्तमानपत्र हवं हे कळल्यावर, त्यांच्याकडे ते आहे याची खात्री करून, मगच घ्या. मी उलट केलं. वर्षभराचे पैसे भरले आणि आमच्या काउंटीचं एकही पत्र त्या साठ्यात नव्हतं.

१. नावाचं कोडं सोडवा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आपण आडनाव टाकून शोधायला लागतो, हजारो माणसं समोर येतात आणि त्यात आपलं कोण ते कळत नाही.

नॉर्वेत त्या काळी बहुतेक शेतकरी घरांना कायमचं आडनाव नव्हतं. माणसाचं नाव, मग बापाचं नाव, मग राहत्या वाडीचं नाव. लार्सचा मुलगा ओले तो ओले लार्सेन. त्याची बहीण लार्सडॅटर. आणि ते 'हौगेन' वाडीवर राहत असतील तर शेवटी हौगेन. मराठी माणसाला हे समजायला वेळ लागत नाही, कारण मधलं नाव बापाचं आणि शेवटचं गावावरून, ही आपलीही रीत आहे. फरक एवढाच की आपला पेडणेकर मुंबईला गेला तरी पेडणेकरच राहतो. त्यांचा माणूस दुसऱ्या वाडीवर राहायला गेला की वाडीचं नावही बदलायचं. ते नाव पत्त्यासारखं होतं. सर्वांनी कायमचं आडनाव घ्यायचं असा कायदा नॉर्वेत १९२३ साली आला.

त्यामुळे एकच माणूस अमेरिकेत जमिनीच्या कागदावर ओले लार्सन, चर्चच्या वहीत ओले लार्सेन हौगेन आणि थडग्यावर ओले हौगेन असा दिसू शकतो. सख्ख्या भावांची आडनावंही वेगळी असू शकतात: एकानं बापाचं नाव घेतलं, दुसऱ्यानं वाडीचं. त्यातच नॉर्वेजियन अक्षरं इंग्रजी छापखान्यात नव्हती. तिथल्या तिरक्या रेघेच्या 'ओ'चा कधी नुसता ओ झाला, कधी ओ-ई.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मूळपुरुषाची सगळी संभाव्य नावं लिहा. आमच्या यादीत एकाच माणसाची अकरा रूपं झाली आणि त्यातली सहा प्रत्यक्षात छापलेली सापडली.

बायकांची अडचण वेगळी आहे. जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रात लग्न झालेली बाई स्वतःच्या नावानं क्वचितच भेटते. ती 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव. सुनेच्या खापरपणजीचं स्वतःचं नाव इंग्रजी पत्रात मला चाळीस वर्षांत एकदाच दिसलं, तिच्या मृत्यूच्या बातमीत. तिला शोधायचं तर नवऱ्याच्या नावानं शोधा, आणि ती विधवा झाल्यानंतरची वर्षं नीट वाचा. तेव्हा जमिनीच्या आणि वारसाच्या नोटिशींत तिचं नाव येऊ लागतं.

२. माणूस सोडा, जमीन धरा

चार महिने नावांच्या जंगलात फिरल्यावर मला वाट सापडली ती जमिनीमुळे. नाव बदलतं, गावाचं नाव बदलतं, जमिनीचा क्रमांक तोच राहतो.

अमेरिकेच्या या भागात जमिनीची मोजणी चौकटीत झाली आहे. सहा मैल बाय सहा मैलांचा एक टाउनशिप, त्यात ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा, आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर. म्हणून वसाहतकऱ्याच्या जमिनीला सगळे 'क्वार्टर' म्हणतात. 'सेक्शन १४, टाउनशिप १४७ नॉर्थ, रेंज ५२ वेस्ट' अशी ओळ दिसली की ती आपल्या गट नंबरासारखी समजा.

हा क्रमांक मिळवायचा तर अमेरिकेच्या केंद्रीय भूव्यवस्थापन खात्याच्या, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या, जनरल लँड ऑफिस नोंदींच्या संकेतस्थळावर जा. राज्य, काउंटी आणि नाव टाका. ज्याला सरकारकडून जमिनीचा मालकी हक्क मिळाला त्याच्या पेटंटची, म्हणजे सरकारी सनदेची, प्रतिमा तिथे विनामूल्य दिसते. एक सापळा सांभाळा: पेटंटवरची तारीख ही माणूस तिथे राहायला आल्याची तारीख नव्हे. राहण्याची पाच वर्षं, मग पुरावा, मग वॉशिंग्टनमधली कागदांची वाटचाल, एवढं सगळं झाल्यावर ते हाती पडायचं. तारखेतून सहा-आठ वर्षं मागे जा.

पेटंट एका पानाचं असतं, पण त्यामागे पूर्ण फाइल असते आणि ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून शुल्क भरून मागवता येते. ही फाइल नक्की मागवा. घर केव्हा बांधलं, किती लांब-रुंद, किती एकर नांगराखाली आली, काय पेरलं, घरात माणसं किती, नागरिकत्वाचे कागद, सगळं त्यात असतं. आमच्या फाइलमध्ये लाकडी घर, तबेला, विहीर आणि ७० एकर नांगरट यांची नोंद होती. शिवाय त्यात वर्तमानपत्राचं एक कात्रण आणि 'ही नोटीस आमच्या पत्रात छापली' असं प्रकाशकाचं प्रतिज्ञापत्र होतं. कोणतं वर्तमानपत्र उघडायचं ते त्या कागदानं सांगितलं.

हेही लक्षात ठेवा की सगळ्यांनीच होमस्टेड केलं नाही. कोणी रेल्वे कंपनीकडून जमीन विकत घेतली, कोणी आधीच्या वसाहतकऱ्याकडून. अशांचे कागद काउंटीच्या नोंदणी कार्यालयात मिळतात.

३. जाहीर नोटीस शोधा

आपल्याकडे जमीन घेताना वकील वर्तमानपत्रात 'जाहीर नोटीस' देतो. अगदी तसंच तिथे होतं. १८७९ सालच्या कायद्यानं नियम केला की पाच वर्षं पूर्ण करून मालकी मागणाऱ्यानं आपला इरादा जमिनीच्या सगळ्यात जवळच्या वर्तमानपत्रात जाहीर करावा, म्हणजे कोणाची हरकत असेल तर कळेल. महिनाभर, आठवड्यातून एकदा, ही नोटीस छापून यायची. छपाईचा खर्च वसाहतकरी देत असे, आणि डकोटात कितीतरी छोटी पत्रं याच पैशांवर उभी राहिली. चारशे वस्तीच्या गावात दोन-दोन साप्ताहिकं का होती, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

नोटिशीचं शीर्षक 'नोटीस फॉर पब्लिकेशन' किंवा 'फायनल प्रूफ'. वरती लँड ऑफिसचं, म्हणजे सरकारी जमीन कार्यालयाचं, गाव आणि तारीख: फार्गो, ग्रँड फोर्क्स, डेव्हिल्स लेक, मिनेसोटात क्रुकस्टन, फर्गस फॉल्स, बेन्सन. १८८९च्या नोव्हेंबरात नॉर्थ आणि साउथ डकोटा ही राज्यं झाली, त्याआधीच्या नोटिशींत 'डी. टी.' म्हणजे डकोटा टेरिटरी असं असतं. मग वसाहतकऱ्याचं नाव, दाव्याचा क्रमांक, जमिनीचं वर्णन, पुरावा कोणापुढे कोणत्या दिवशी देणार ते, आणि शेवटी चार साक्षीदार.

या चार साक्षीदारांवर थांबा. हा माणूस सलग इथेच राहिला आणि त्यानं जमीन कसली, हे शपथेवर सांगू शकणारी ती माणसं. म्हणजे शेजारी, आणि फार वेळा नातेवाईक किंवा नॉर्वेतल्या एकाच खोऱ्यातून आलेले. आमच्या नोटिशीतल्या चारांपैकी एक बायकोचा भाऊ निघाला. आडनाव वेगळं असल्यामुळे तोवर तो आम्हाला परका वाटत होता. दुसऱ्याच्या मृत्यूच्या बातमीत नॉर्वेतल्या सोग्न भागातल्या परगण्याचं नाव होतं, आणि पुढे आमचा माणूसही तिथलाच ठरला. आपल्या माणसाबद्दल कागद गप्प असतात तेव्हा साक्षीदारांचा पाठलाग करा. त्यांच्या नोटिशीही काढा. त्यांच्यात आपला माणूस साक्षीदार म्हणून भेटतो.

काही सापळे. पहिला: नोटीस महिनाभर छापली जात असल्यामुळे एक अंक फाटका किंवा पुसट असेल तर पुढचा-मागचा पाहा. दुसरा: नोटिशीवरची तारीख लँड ऑफिसची असते, अंकाची तारीख वेगळी, दोन्ही लिहून ठेवा. तिसरा: साक्षीदारांच्या नावापुढचं गाव हे पोस्टाचं गाव. ते पोस्ट एखाद्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात चालत असेल आणि पाच वर्षांत बंद झालं असेल. आजच्या नकाशावर सापडलं नाही म्हणून चुकीचं समजू नका.

४. गावची साप्ताहिकं कुठे मिळतात

लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा संग्रह विनामूल्य आहे आणि पुण्यात बसून उघडतो. मिनेसोटासाठी तिथल्या हिस्टॉरिकल सोसायटीचं डिजिटल न्यूजपेपर हब फार चांगलं. विस्कॉन्सिनचा मोठा साठा मॅडिसनला राज्याच्या हिस्टॉरिकल सोसायटीकडे, नॉर्थ डकोटाचा बिस्मार्कला. न्यूजपेपर्स डॉट कॉमसारखी पैसे घेणारी ठिकाणं शेवटी.

पण गावोगावची बरीच साप्ताहिकं अजून संगणकावर आलेली नाहीत, मायक्रोफिल्मच्या रिळांवर आहेत. रीळ अनेकदा ग्रंथालयांच्या आपसांतल्या देवाणघेवाणीतून जवळच्या ग्रंथालयात मागवता येतं. अमेरिकेत राहणाऱ्या मुला-सुनेला हे काम सांगा. जाण्याआधी संग्रहालयाला ईमेल करून कोणत्या वर्षाचे अंक आहेत ते विचारा. मधली वर्षं गहाळ असणं नेहमीचं आहे. छापखान्यांना आगी लागत.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. छोट्या साप्ताहिकांची अर्धी पानं गावात छापलेलीच नसत. शिकागो, सेंट पॉल अशा शहरांतून एका बाजूला देशोदेशीच्या बातम्या, कथा, औषधांच्या जाहिराती छापलेले कागद यायचे आणि गावचा संपादक उरलेल्या बाजूवर स्थानिक मजकूर छापायचा. तेव्हा आधी दोन-तीन अंक पूर्ण पाहून स्थानिक मजकूर कोणत्या पानांवर असतो ते ठरवा आणि पुढे तेवढीच पानं वाचा. माझा वेळ निम्म्यावर आला.

जुन्या वसाहतींची मुख्य गावंही हलली. आमच्या, म्हणजे नॉर्थ डकोटातल्या ट्रेल काउंटीचं पहिलं मुख्य ठिकाण कॅलेडोनिया. रेल्वे त्याला टाळून हिल्सबरोवरून गेली आणि काउंटीचं मुख्यालयही कालांतरानं हिल्सबरोला गेलं. ज्या काळाचं काम करत असाल त्या काळचं मुख्य गाव कोणतं होतं ते आधी पाहा. सरकारी नोटिशी बहुधा तिथल्या पत्रांत.

५. यंत्राच्या वाचनावर विसंबू नका

संकेतस्थळावरच्या शोधखिडकीमागे यंत्रानं वाचलेला मजकूर असतो. दीडशे वर्षांपूर्वीची शाई, छापखान्याचे झिजलेले खिळे, घडी पडलेला कागद. यंत्र 'हौगेन'चं काहीही करतं. शोधात नाव आलं नाही म्हणजे पत्रात नाव नाही, असा अर्थ काढू नका.

मी तीन युक्त्या वापरल्या. नावाऐवजी सेक्शन आणि टाउनशिपचे आकडे शोधले. आपल्या माणसाऐवजी एखाद्या साक्षीदाराचं न चुकणारं, दुर्मीळ आडनाव शोधलं. आणि जिथे घटना नक्की झाली हे माहीत होतं (लग्न, मृत्यू, अंतिम पुरावा) तिथे शोध बंद करून आधीचे दोन आणि नंतरचे सहा अंक डोळ्यांनी वाचले. तिसरी सगळ्यात संथ आहे, आणि आमचे निम्मे सोन्याचे कण तीतूनच मिळाले.

६. चार ओळींच्या बातम्या

संसार कळतो तो इथे. प्रत्येक साप्ताहिकात 'लोकल्स' किंवा टाउनशिपच्या नावाखाली बारीक बातम्यांचा रकाना असे. कोण गव्हाची गाडी घेऊन एलिव्हेटरवर (धान्याच्या कोठारावर) आला, कोणी नवं घर बांधायला घेतलं, कोणाची घोडी हरवली, कोणाकडे मिनेसोटाहून बहीण राहायला आली. एकेक बातमी क्षुल्लक वाटते. पण पंधरा वर्षांच्या बातम्या ओळीनं लावल्या की माणसं चालती-बोलती होतात. आमच्या घरातलं तिसरं मूल लहानपणी गेलं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. रकान्यात दीड ओळ होती: घटसर्पानं मूल गेलं, त्या आठवड्यात टाउनशिपमधलं ते दुसरं. सुनेला ती ओळ वाचून दाखवताना दोघींचा आवाज फुटेना.

हे रकानेही सोडू नका: जमीन खरेदी-विक्री, थकीत कराची यादी, गहाणवट बुडून झालेले लिलाव, वारसनोटिशी, ज्युरीची यादी, शाळेचा निकाल, भटकं जनावर सापडल्याची जाहिरात. थकीत कराच्या यादीत नाव दिसलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. त्याच वर्षी सगळ्या टाउनशिपची नावं तिथे असतील तर पीक बुडालं होतं असं समजा, आणि त्या उन्हाळ्याचे अंक वाचा. मिनेसोटात १८७३ ते १८७७ टोळधाडीनं शेतं खाल्ली. त्या वर्षांच्या याद्या त्या दृष्टीनं वाचाव्या लागतात.

मोठ्या आपत्तीची बातमी लगेचच्या अंकात पूर्ण मिळत नाही. १२ जानेवारी १८८८चं हिमवादळ घ्या. दुपारी अचानक आलं, शाळेतून घरी निघालेली मुलं वाटेत सापडली, म्हणून त्याला मुलांचं हिमवादळ म्हणतात. कोण गेलं, कोणाचे पाय कापावे लागले, हे पुढचे चार-पाच आठवडे थोडंथोडं छापून येत राहिलं. त्या काळात तुमचं घराणं डकोटात किंवा मिनेसोटाच्या पश्चिमेला असेल तर फेब्रुवारी अखेरपर्यंतचे सगळे अंक पाहा.

७. नॉर्वेजियन भाषेतली पत्रं

इंग्रजी पत्रात मृत्यूच्या बातमीत जन्मस्थान म्हणून बहुतेकदा नुसतं 'नॉर्वे' असतं. नॉर्वेजियन पत्रात परगणा, कधी वाडीसुद्धा असते, कारण वाचणाऱ्याला तेच हवं असायचं. म्हणून कष्ट पडले तरी इकडे या.

अमेरिकेतलं पहिलं नॉर्वेजियन वर्तमानपत्र 'नूरलिसेट' १८४७ साली विस्कॉन्सिनमध्ये निघालं. मोठी पत्रं पुढची: शिकागोचं 'स्कॅन्डिनाव्हेन' (१८६६), आयोवातल्या डेकोरा गावचं 'डेकोरा-पोस्टेन' (१८७४ ते १९७२), ग्रँड फोर्क्सचं 'नॉर्मँडेन' (१८८७), मिनियापोलिसचं 'टिडेन्डे'. ही पत्रं दूरवर जायची, त्यामुळे डकोटातल्या शेतकऱ्याची बातमी आयोवात छापलेली सापडते.

पहिली अडचण लिपीची. जुने अंक गॉथिक वळणाच्या टाइपात आहेत. आपल्या आजोबांचे मोडीतले कागद हातात घेतल्यावर वाटतं तसंच वाटेल, पण मोडीहून हे सोपं आहे, कारण अक्षरं सुटी आणि छापील. शब्दाच्या मधला लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो, एवढं लक्षात आलं की निम्मं काम झालं. आठवडाभर रोज अर्धा तास एकच रकाना वाचा, डोळा बसतो.

भाषेचं म्हणाल तर त्या काळची लिखित नॉर्वेजियन डॅनिशला अगदी जवळची होती, म्हणून डॅनिश शब्दकोश कामी येतो. आधी एवढे शब्द पाठ करा: 'फ्योट' जन्म, 'ड्योड' मृत, 'एन्के' विधवा, 'गोर' म्हणजे घर-गोठा-शेत मिळून झालेली वाडी, 'ड्योड्सफाल' मृत्यूच्या बातम्या. लग्न झालेल्याला 'गिफ्ट' म्हणतात. याच शब्दाचा दुसरा अर्थ विष, आणि इंग्रजीत तो भेटवस्तू. यंत्राकडून भाषांतर करून घ्याल तर या शब्दावर नेहमी थांबून पाहा.

'एफ्टरलिस्निंग' हा मथळा दिसला की श्वास रोखून वाचा. हरवलेल्या नातेवाइकांचा शोध घेणाऱ्या जाहिराती त्याखाली येत. अमेरिकेला गेलेल्या भावाचं पत्र सहा वर्षं नाही, कोणाला ठाऊक असेल तर कळवावं. जाहिरात देणारा स्वतःचा पत्ता, भावाचं नाव, वाडी, निघाल्याचं साल, शेवटचं पत्र कुठून आलं ते सगळं सांगतो. एवढी माहिती एका जागी दुसरीकडे कुठे मिळत नाही.

दोन संस्था जरूर गाठा. मिनेसोटात नॉर्थफिल्डच्या सेंट ओलाफ कॉलेजात १९२५ पासून नॉर्वेजियन-अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन आहे. तिच्याकडे मृत्यूच्या बातम्यांच्या कात्रणांचा मोठा संग्रह आहे. आणि मॅडिसनचं नॉर्वेजियन अमेरिकन जिनियॉलॉजिकल सेंटर फक्त याच कामाला वाहिलेलं आहे. प्रश्न नेमका विचारा: नाव, काउंटी, अंदाजे साल. 'आमच्या घराण्याबद्दल काय आहे' असं मोघम लिहिलंत तर कोणीही मदत करू शकणार नाही.

८. ती जमीन आधी कोणाची होती, हेही शोधा

ही पायरी अनेक जण गाळतात. मला ती गाळणं पटत नाही.

वर्तमानपत्र 'रिकामी जमीन' म्हणतं. ती रिकामी नव्हती. नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवरच्या रेड रिव्हर खोऱ्यातली बरीच जमीन १८६३च्या ओल्ड क्रॉसिंग करारानं ओजिब्वे या मूळ रहिवाशांकडून घेतलेली आहे. मिनेसोटात डकोटा या मूळ रहिवाशांशी १८६२ साली झालेल्या युद्धानंतर त्यांना राज्याबाहेर घालवलं. डेव्हिल्स लेकजवळची स्पिरिट लेक ही डकोटा लोकांची राखीव भूमी १९०४ साली बाहेरच्या वसाहतकऱ्यांना खुली केली, आणि तिथे जमीन घेणाऱ्यांत नॉर्वेजियन पुष्कळ होते, एकट्या बायकाही होत्या. अविवाहित बाईला स्वतःच्या नावावर होमस्टेड घेता येत असे. आमच्या मूळपुरुषाच्या धाकट्या मुलीनं तशीच तिथे जमीन घेतली.

त्या वर्षांच्या अंकांत मूळ रहिवाशांबद्दलची भाषा वाचवत नाही इतकी हीन आहे. मी ती कात्रणंही फाइलमध्ये ठेवली, तारखेसकट. सुनेच्या वडिलांना दाखवावी की नाही, असा मला संकोच होता. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, हे पान पहिल्या प्रकरणाआधी लावा.

९. समुद्र ओलांडून मागे

परगण्याचं नाव मिळाल्याशिवाय नॉर्वेच्या नोंदींत शिरू नका. ओले लार्सेन तिथे गल्लोगल्ली भेटतात. परगणा मिळाला की मात्र काम झपाट्यानं होतं. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'डिजिटालआर्किव्हेट' पूर्ण विनामूल्य आहे: १८६५ आणि १८७५च्या जनगणना, चर्चच्या वह्या, बंदरांवरच्या पोलिसांनी ठेवलेल्या स्थलांतरितांच्या याद्या. ऑस्लो आणि ट्रॉनहाइमच्या याद्या १८६७ पासून आहेत, बर्गेनच्या १८७४ पासून. ऑस्लोचं नाव १९२५ पूर्वी क्रिस्तियानिया होतं, हे विसरू नका. आमचा माणूस १८८० साली बर्गेनच्या यादीत सापडला. त्या काळी बहुतेकांची वाट इंग्लंडवरून होती: हल बंदरात उतरायचं, रेल्वेनं लिव्हरपूलला जायचं, तिथून मोठी आगबोट. म्हणून अमेरिकेत त्याचं नाव लिव्हरपूलहून आलेल्या बोटीच्या यादीत शोधावं लागतं.

नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रंही संगणकावर आणली आहेत. हक्कमुक्त झालेले जुने अंक भारतातून उघडतात, नंतरचे अनेक उघडत नाहीत. आणि 'बिग्डेबोक' हा शब्द लिहून ठेवा. एकेका परगण्यातल्या वाड्यावाड्यांवर कोण राहिलं याचा पिढीवार इतिहास त्यात असतो, म्हणजे आपल्या कुलवृत्तांताचा भाऊच, फक्त कुळाऐवजी वाडीला धरून लिहिलेला. ग्रँड फोर्क्सच्या विद्यापीठातल्या चेस्टर फ्रिट्झ ग्रंथालयात यांचा मोठा संग्रह आहे.

१०. लिहून ठेवायची शिस्त

प्रत्येक कात्रणावर चार गोष्टी लगेच लिहा: पत्राचं नाव, अंकाची तारीख, पान, रकाना. 'नंतर लिहू' म्हटलेली माझी तीसेक कात्रणं आजही बेवारस पडली आहेत. अंदाज आणि पुरावा यांना वेगळ्या रंगाची शाई वापरा. दोन वेगळ्या ठिकाणांहून दुजोरा मिळेपर्यंत कोणालाही वंशवृक्षात चढवू नका. एकाच काउंटीत एकाच नावाची दोन माणसं, दोघांच्या बायकांचं नावही एक, हे आम्ही अनुभवलं आहे. अमेरिकेची १८९०ची जनगणना १९२१च्या आगीत जवळजवळ सगळी नष्ट झाली, त्यामुळे १८८० आणि १९०० यांच्यामधली वीस वर्षं भरून काढायला डकोटा टेरिटरीची १८८५ची आणि मिनेसोटाची १८८५ व १८९५ची जनगणना वापरा.

सापडलेलं साक्षीदारांच्या वंशजांनाही पाठवा. आम्ही तिघांच्या घरी प्रती पाठवल्या. एका घरानं उत्तरादाखल १८९०च्या सुमारास काढलेला फोटो पाठवला: मळणीयंत्रासमोर अकरा माणसं उभी, डावीकडून चौथे सुनेचे खापरपणजोबा. त्याआधी त्यांचा चेहरा कोणी पाहिला नव्हता.

चौथ्या साक्षीदाराचा माग अजून लागलेला नाही. १८८५च्या जनगणनेत तो बायको आणि दोन मुलांसह आहे, नंतर ट्रेल काउंटीच्या कोणत्याच अंकात नाही. आता मिनेसोटाची १८९५ची यादी उघडली आहे, पोक काउंटीपासून सुरुवात करून.